चारशे बारा नंबरचा कोट

कडककाका देव मानत नव्हते असं नाही; त्यांची ओळख नव्हती, एवढंच. "त्याचं काही माझ्याकडे धुवायला आलेलं नाही," असं म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन इस्त्रीच्या वाफेचा खटका दाबायचे. सव्वीस वर्षं लाँड्री चालवलेला माणूस. शर्टाची कॉलर अशी करायचे की टेबलावर ठेवली तर ताठ उभी राहील, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं. स्वभाव पाहिला तर नाव फुकट गेलं नव्हतं. पावती नाही तर कपडा नाही! सख्ख्या मेव्हण्याला, ऐन त्याच्या साखरपुड्याच्या दिवशी, पावती आणायला त्यांनी उलट पावली घरी पाठवलं होतं.

काकू नेमक्या उलट टोकाच्या. सकाळी इस्त्री तापेपर्यंतची दोन मिनिटं त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या, ओठ हलायचे, आणि मग दिवसभर ज्याच्या-त्याच्याशी बोलायच्या. गुरुवारी घरपोच कपडे द्यायचं काम त्यांचं. पाठीमागे मोठी पिशवी बांधून स्कूटरवर त्या टेकडीच्या बाजूला जायच्या आणि दोन तासांच्या कामाला चार तास लावून परत यायच्या. काका घड्याळाकडे बघायचे. काकू म्हणायच्या, "जिथं जास्त बसायचं असतं ते घर मी शेवटी ठेवते." कोणतं घर, हे काकांनी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पुढे या एका न विचारलेल्या प्रश्नाने त्यांचा जीव काढला.

तो गुरुवारच होता. पलीकडच्या डोंगरांवर तीन दिवस वणवा पेटलेला होता आणि गावाला त्या धुराची सवयसुद्धा झाली होती. मधे नदी आहे, नदी काय ओलांडतोय, असं सगळेच म्हणत होते. पावणेअकराला वारा फिरला. नदी वगैरे त्याने जुमानली नाही. ठिणग्या पाखरांसारख्या उडत आल्या आणि गल्लीच्या टोकाची लाकडाची वखार धडधडून पेटली. पोलिसांची गाडी भोंगा वाजवत फिरायला लागली. "घरं सोडा! सामान घेऊ नका! खालच्या रस्त्याने निघा, ताबडतोब!"

आता शहाण्या माणसाने काय करावं? वरच्या खोलीत जावं, कागदपत्रं घ्यावीत, फोटो घ्यावेत, निदान औषधाचा डबा तरी घ्यावा. काकांना हे सगळं कळत होतं. पण त्यांच्या अंगात एकच धावपळ मुरलेली होती. छप्पर गळो, नळ फुटो, शॉर्टसर्किट होवो, आधी गिऱ्हाइकाचे कपडे! डोकं जिन्याकडे निघालं आणि हात रॉडकडे गेले. एकेका रॉडवरचे कपडे कवेत घेऊन त्यांनी डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये अडकवायला सुरुवात केली. सूट, साड्या, पडदे, शाळेचे गणवेश, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यांना नंबराचे बिल्ले टाचलेले. चौथा रॉड रिकामा झाला तेव्हा ते भानावर आले. जिन्याकडे वळतात तोच एका हवालदाराने त्यांचा दंड धरला.

"काका, गाडी काढता का मी काढू?"

"वर घरातलं..."

"वर बघा!" हवालदार म्हणाला. वर बघितलं तर शेजारच्या छपरावरून धूर निघत होता.

पहिल्या वळणावर काकांना घाम फुटला तो आगीने नव्हे. आपल्या घरातला एक चमचाही आपण उचलला नाही आणि गावाच्या विजारी घेऊन निघालोय! काकू आता काय म्हणेल? आणि काकूची आठवण होताच त्यांचा पाय ब्रेकवरच गेला. मागचा ट्रक बोंबलला. फोन लावला, लागेना. दहा वेळा लावला. टेकडीवरचा टॉवर केव्हाच गेला होता. ती खालच्या रस्त्याने पुढे गेली असेल, काकांनी स्वतःला सांगितलं. सगळे रस्ते खालीच येतात. बोलकी असली तरी ती खुळी नाही.

शेजारच्या शहरातल्या बंदिस्त क्रीडागृहात सगळ्यांना उतरवत होते. आत चौदाशे माणसं. बास्केटबॉलच्या रेघांवर सतरंज्या, सतरंज्यांवर म्हातारे, म्हाताऱ्यांच्या मांडीवर मांजरं. दाराशी एका टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या. हातात यादी, कमरेला वायरलेस, घसा पार बसलेला.

"माझी बायको," काका म्हणाले. "स्कूटरवर आहे. निळी स्कूटर."

बाईंनी यादी वरून खाली पाहिली. "नाही अजून. गाड्या येतायत, थांबा. शेवटची कुठं होती?"

"टेकडीच्या बाजूला. कपडे द्यायला."

"टेकडीवर चारशे घरं आहेत, काका. कोणाकडे?"

गुरुवारची पिशवी काकू स्वतः भरायच्या. सात घरं असतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. कोणती सात? त्यांना मेलं एकही सांगता येईना. स्वतःच्या बायकोचा रस्ता माहीत नसलेला नवरा! ते हॉलभर फिरले, दिसेल त्याला विचारलं, पण जो तो आपल्याच माणसाला शोधत होता. नगारखान्यात टिमकी कोण ऐकतो?

ते हताश होऊन व्हॅनला टेकून उभे राहिले. तेवढ्यात एक अर्धी दाढी केलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ धावत आला. बँकेचे मॅनेजर! एरवी टायशिवाय ज्यांना कुणी पाहिलं नव्हतं ते.

"काका! कडककाका! गाडीत माझी पँट आहे का हो? राखाडी!"

आणि काकांच्या तोंडून, देवाशपथ, सवयीने निघून गेलं, "पावती?"

मग मागून दवाखान्यातली नर्स कडाडली. "अहो काका, लाज वाटू द्या! टॉवेलला कधी खिसा असतो का?"

लोक हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. काका मात्र कानशिलापर्यंत तापले. त्यांनी व्हॅनचं दार सताड उघडलं, राखाडी पँट काढली, शर्टही काढला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पावतीशिवाय कपडा हातात दिला. मॅनेजरसाहेबांनी ती पँट लेकरासारखी छातीशी धरली. "सगळं गेलं हो," ते म्हणाले. "घर गेलं. ही एक आहे." आणि ते रडायला लागले, टॉवेल सावरत.

गर्दी व्हॅनकडे लोटली. "काका, माझी चादर?" "आमच्या मुलीचा गणवेश?" "आईची शाल दिली होती, आहे का?" प्रत्येकाचं काही ना काही होतंच. आणि तेव्हा काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, मी माणसं शोधत फिरतोय, आणि कपडे दाखवले की माणसं माझ्याकडे धावत येतायत!

"रॉड आत घ्या!" ते ओरडले. मॅनेजरसाहेब नव्या पँटीनिशी पुढे झाले. व्हॉलीबॉलच्या जाळीचे दोन खांब, त्यावर आडवे रॉड, आणि दहा मिनिटांत क्रीडागृहाच्या मधोमध लाँड्री थाटली गेली. काकांनी स्टुलावर चढून आवाज लावला. "कडक लाँड्रीचे सगळे इकडे या! पावती नको, पैसे नको! फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. आज सकाळी काकू तुमच्याकडे आली होती का?"

मग जी रांग लागली! मॅनेजर नंबर पुकारत होते, नर्स कपडा काढून देत होती आणि काका एकेकाच्या तोंडाकडे जीव डोळ्यांत आणून बघत होते. नाही आली. नाही. आमच्याकडे पुढच्या गुरुवारी येते. नाही. एका म्हातारबाबांना तर शाल मिळाल्याच्या आनंदात प्रश्नच ऐकू आला नाही, ते काकांना आशीर्वाद देऊन गेले. काकांनी त्यांनाही पुन्हा बोलावून विचारलं. नाही.

बेकरीवाला आला, पिठाने पांढरा तो पांढराच. "आली होती की! साडेनऊला. माझे ॲप्रन दिले, खोकल्याची चौकशी केली. पिशवी अजून जड होती हो."

एक! काकांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पीठ उडालं.

पुढच्या वीस जणांत काही नाही. मग एक बाई, कडेवर मूल, "मला पडदे दिले ना. दहा वाजले असतील. तिकडून शाळेकडे गेल्या." मग शाळेचा शिपाई. मग शिपायाचे घरमालक, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाई. काका बोटं मोजत होते, आजूबाजूचे लोकही मोजायला लागले होते. पाच! पाच झाली! कपडे मिळालेली माणसं जायचं नावच घेईनात. घरं जळालेली, पायांत चप्पल नाही, आणि सगळा जमाव मनातल्या मनात एका बाईची स्कूटर गल्लोगल्ली ढकलत वर नेत होता. कुणीतरी येऊन हळूच म्हणालं, "काका, तुमची गल्ली गेली म्हणतात." काका म्हणाले, "बरं. सहावा कोण?"

सहावा पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर निघाला. तो पार मागे भिंतीशी झोपला होता, त्याला हलवून आणला.

"भेटली ना, टाकीच्या वळणावर," तो डोळे चोळत म्हणाला. "माझा टेबलक्लॉथ दिला. तेव्हा साडेदहा झाले असतील, भोंगा वाजला नव्हता."

"पिशवीत काय राहिलं होतं? आठव, बाबा, आठव."

"एकच कपडा होता. लांब काळा कोट. मी थट्टा केली, म्हटलं ह्या उकाड्यात कोट कोण घालतंय? तर म्हणाली, घालणारीच्या मनात गाणं वाजायला लागलं की तिला थंडी वाजते."

काका स्टुलावरून खाली उतरले नाहीत, पडलेच. माणसांचं म्हणाल तर काका शेजाऱ्याचं नाव विसरतील, पण कपडा? काळा लोकरी कोट, शिंगाची बटणं, डाव्या खिशाला रफू, नंबर चारशे बारा! तो त्यांनी स्वतः ब्रश केला होता. पियानोच्या बाईंचा. वरची गल्ली, शेवटचं घर. एकट्या राहतात. कधीमधी स्वतः दुकानात येतात आणि काकांना पावतीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून द्यावं लागतं, कारण बाईंना आता ऐकू येत नाही.

ते अधिकारी बाईंच्या टेबलाकडे धावले, आणि त्यांच्यामागे चाळीसेक माणसं.

"वरची गल्ली?" बाईंनी नकाशा पाहिला. "ती अकरा वाजून वीस मिनिटांनी रिकामी केली. पथकाने दारोदार भोंगा वाजवला. शेवटच्या घरातून कुणी उत्तर दिलं नाही."

"कशी देतील? त्या बहिऱ्या आहेत!" काका इतक्या जोरात ओरडले की सगळा हॉल वळून बघायला लागला. "भोंगा वाजवून काय उपयोग? आणि माझी बायको तिथंच आहे. त्यांना सोडून ती येणार नाही. तिला मी ओळखतो!" आणि मग आवाज पडला. "तेवढं तरी ओळखतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या चाळीस माणसांकडे पाहिलं आणि वायरलेस उचलला. खरखर झाली. पलीकडून उत्तर आलं की वरच्या गल्लीच्या तोंडाशी झाड पडलंय, दोन्ही बाजूंना आग आहे, प्रयत्न करतो, खात्री देत नाही. तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. हेच सगळ्यात अवघड. काका रॉडच्या मागे, उरलेल्या कपड्यांच्या आडोशाला जमिनीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. नवखा माणूस करतो तीच चूक त्यांनी केली. सरळ देवाशी सौद्याला बसले. तिला दे, मी अमुक करीन. तिला दे, मी तमुक सोडीन. एवढं म्हणून ते ओशाळले. आयुष्यात एकदा दार ठोठावलं आणि तेही घासाघीस करायला! मग काय म्हणायचं? त्यांना आठवली ती सकाळची धांदल. डोकं जिन्याकडे जात होतं, हात रॉडकडे गेले. कागद-फोटो घेऊन आलो असतो तर या चौदाशेंत माझ्याकडे कोण फिरकलं असतं? कोणी वळवले माझे हात? तुम्ही म्हणाल सवय. काकाही कालपर्यंत तेच म्हणाले असते. पण त्या जमिनीवर बसून त्यांना ते म्हणवेना. त्यांच्या तोंडून निघालं, "आभारी आहे." बेकरीवाल्याच्या खोकल्याबद्दल आभारी आहे. ड्रायव्हरने थट्टा केली त्याबद्दल आभारी आहे. मग आभारांची रांगच लागली, आणि ती रांग मागे मागे, आजच्या सकाळच्याही पलीकडे जायला लागली. भीती गेली नव्हती. छातीत धडधडतच होतं. पण त्या धडधडीत ते एकटे नव्हते, एवढं त्यांना स्वच्छ कळलं.

चार वाजायला पाच मिनिटं असताना वायरलेस खरखरला. अधिकारी बाई उभ्याच राहिल्या. बसलेल्या घशाने, सगळी ताकद लावून त्या ओरडल्या, "दोन बायका! जिवंत!"

क्रीडागृहाने आजवर कितीही सामने पाहिले असतील, पण असा गलका त्या छताने ऐकला नसेल. मॅनेजरसाहेबांनी बेकरीवाल्याला मिठी मारली आणि इस्त्रीच्या पँटीला पीठ लागलं. नर्स रडत होती. मांजरं पळाली. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले, आणि मग दाराकडे धावत सुटले. चौदाशेंतले निम्मे त्यांच्यामागे.

बंब आला. आधी पियानोच्या बाई उतरल्या, काठीसारख्या ताठ. मागून काकू. तोंड काजळीने काळं, पुढचे केस करपलेले, पायांत एकच चप्पल, आणि हातात एक ओला, काळा, आक्रसून पोराच्या मापाचा झालेला बोळा. काकांनी तो पाहिला. सव्वीस वर्षांचा लाँड्रीवाला, बिचारा काय करणार? बायको मरणाच्या दारातून परत आली आणि पहिलं वाक्य काय? "लोकर पाण्यात घातलीस?"

"घातली," काकू म्हणाल्या. "चांगली बुचकळून काढली. तुम्हीच सांगता ना, टेरिकॉट भडकन पेटतं, लोकर पेटत नाही? बाई मागच्या बागेत होत्या. त्यांना शोधून पुढे आणेपर्यंत पथक गेलेलं आणि रस्त्यावर झाड आडवं. मग आम्ही मागच्या सिमेंटच्या हौदात बसलो, डोक्यावर हा ओला कोट. तो तापला की पुन्हा बुडवायचा. पाणी ऊन ऊन झालं, कोट आटत गेला, शेवटी दोघींची डोकी कशीबशी मावत होती. पण एक ठिणगी आत आली नाही!"

पियानोच्या बाईंना शब्द ऐकू आले नसतील, पण विषय कळला. त्यांनी काकूंच्या हातातला कोट घेऊन काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तक्रार नाही."

मग मात्र काका रडले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, हुंदके देऊन, नाक न पुसता. लोकांनी मोकळी जागा करून दिली. काकूंनी त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि शेजारी टेकल्या. हॉलमध्ये नजर फिरवली. ओळखीचे पडदे अंथरलेले, ओळखीच्या शाली पांघरलेल्या, मुलं कडक गणवेशात खिदळत होती.

"घरातलं काय आणलंत?"

"काही नाही," काका म्हणाले. "एक चमचाही नाही. गल्ली गेली आपली. मी हे सगळं घेऊन आलो."

काकूंनी त्या गर्दीकडे पुन्हा पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन काजळीत दोन पांढऱ्या रेघा झाल्या, पण ओठांवर हसू होतं. "आणि मी वर अडकलेली असताना काय करत होतात?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी कबूल केल्यासारखं सांगितलं, "तुझ्यासारखे डोळे मिटून बसलो होतो. मागायला गेलो होतो गं. पण आभारच मानत बसलो."

"अहो, मी तर आलेही नव्हते. आभार कसले?"

"सव्वीस वर्षं होतीस ना," काका म्हणाले.

काकूंनी काकांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर काजळीने माखलेलं तोंड टेकलं, आणि काकांनी दंड जागचा हलवला नाही.